कपबश्यांच्या आधीचं वाक्य

तो गेल्याची बातमी नातीने दिली, आणि देताना ती चक्क खुशीत होती. "आजी, तू त्याच्या ट्रॅकवर आहेस! एवढी मोठी गोष्ट कधी सांगितली का नाहीस?" तिच्या वयाची मुलं आता त्याच्या आठवणीचा कार्यक्रम करताहेत. आपल्या शहरात यंत्रांच्या आवाजांचं संगीत सगळ्यांत आधी त्याने केलं, म्हणे. आणि मी त्याची गुरू, म्हणून मी दोन शब्द बोलावेत. मी म्हटलं, त्याच्यासाठी माझ्याकडे दोन शब्द गेली पंचवीस-तीस वर्षं तयार आहेत, पण ते माइकवर बोलण्यासारखे नाहीत.

त्या काळात सगळंच नवीन येत होतं. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी चॉकलेटं आली होती आणि आझमाबादेतल्या कारखान्यांना एकामागून एक कुलपं लागत होती. तशाच एका बंद पडलेल्या कारखान्यात तो फिटर होता. तिशी उलटलेला, बोटांच्या रेघांत ग्रीस मुरलेलं. मी जामबागेतल्या एका शाळेत गाणं शिकवायची आणि घरी पेटीचे वर्ग घ्यायची. तो पेटी शिकायला आला आणि तिसऱ्याच दिवशी त्याने माझी पेटी खोलून सगळे सूर, त्या पितळी पट्ट्या, बाहेर काढून ठेवले. मग नुसताच भाता हलवला आणि म्हणाला, "ऐका बाई. श्वास घेतेय."

दुसरी कुणी असती तर तिने झाडू हातात घेतला असता. मी भारावले. बेचाळीस वर्षांची घोडी, खांद्यावर पदर दोन-दोन पिनांनी टाचलेला, आणि समजत होते स्वतःला काळाच्या दहा पावलं पुढे. घरात डिश घ्यायला मात्र माझा विरोध होता, मुलं बिघडतील म्हणून.

त्याच्या पहिल्या कार्यक्रमात त्याने फरशीवर साखळ्या ओढल्या, पत्र्याला ग्राइंडर लावला आणि शेवटी त्या बंद कारखान्याचा टेप करून ठेवलेला भोंगा वाजवला. समोर त्याच कारखान्यातून निवृत्ती घ्यायला लावलेली माणसं बसली होती. काही जण रडले, काहींनी खुर्च्या फेकल्या. "आमचं पोट गेलं आणि तू त्याचं गाणं करतोस?" म्हणत एकाने त्याची कॉलर धरली. मग पेपरात पत्रं आली: हा संगीताचा खून आहे, याला बंदी घाला. मी कागदाच्या दोन्ही बाजू भरून उत्तर धाडलं. त्यात 'उद्याचा स्वर' हे शब्द तीनदा होते. ते छापून आलं तेव्हा कात्रण मी स्टाफरूमच्या टेबलावर 'चुकून' विसरले. चार दिवस रोज विसरले.

त्याच भरात मी त्याला माझं ते थोर वाक्य ऐकवलं, "माझ्या घरातला कुठलाही आवाज घे. तुझाच समज."

आमचं भजनी मंडळ दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे जमायचं. अकरा बायका, मी बारावी. त्यातली एक माझी मैत्रीण, चिक्कडपल्लीची. लग्न होऊन मी या शहरात आले तेव्हा भाजीवालीशी तेलुगूत आणि रिक्षावाल्याशी दख्खनीत भांडायला तिनेच शिकवलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत डबा तिच्याकडून आला. अडचण एकच, ती गायची. मनापासून, मोठ्यांदा आणि सुरांच्या आसपास. "जरा हल्लू गा गं," मी म्हणायची. "हल्लू गायला काय मी आजारी आहे?" ती विचारायची.

त्याने मंडळाची टेप करायची म्हटलं. आता आपली कॅसेट निघणार, असं बायकांना सांगायला मी घरोघर हिंडले. ठरल्या गुरुवारी अकराही जणी भरजरी साड्या नेसून हजर.

"अगं, टेपवर काय साडी दिसणारे?" मी म्हटलं.

"दिसत नसली म्हणून काय झालं," मैत्रीण म्हणाली, "अंगावर जरी असली की आवाजाला भार येतो."

तो मेहुण्याने दुबईहून आणलेलं टेपचं यंत्र घेऊन कोपऱ्यात बसला. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. आम्ही चार अभंग म्हटले. मग चहाची सुट्टी झाली. माझ्या स्वयंपाकघरात चहा नेहमी तीच करायची, डब्यांच्या जागा तिला माझ्याहून जास्त ठाऊक. ती आत गेली, आम्ही बाहेर गप्पा मारत बसलो. टेप चालूच होती, ते आम्हाला कळलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारपासून नवल घडलं. मैत्रीण हळू गायला लागली. आधी मी तिला नेहमी रांगेच्या मधोमध बसवायची. आता ती आपणहून कडेला, दाराजवळ बसू लागली. "चहाला उठायला बरं पडतं," म्हणाली. मला केवढा आनंद झाला! मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले की माणूस कितीही बेसूर असो, शिकवणारी चिकाटीची हवी. मैत्रिणीलाही सांगितलं. ती हसली.

चार-पाच महिन्यांनी त्याचा दुसरा कार्यक्रम ठरला. कुणी जागा देईना. नामपल्लीजवळच्या एका हॉलच्या चाव्या मैत्रिणीच्या यजमानांकडे असायच्या. मी शब्द टाकला, तिने यजमानांना गळ घातली आणि हॉल मिळाला. संध्याकाळी सहाला आमचं मंडळ पहिल्या रांगेत, पुन्हा त्याच साड्यांत. दिवे मंद झाले. लेथ फिरल्यासारखी घरघर सुरू झाली, तिच्यात आमच्या टाळांचे तुकडे. मग बांगड्या. कुणाचं तरी खाकरणं. बायका एकमेकींना कोपरं मारून हसत होत्या. आणि मग घरघर एकदम थांबली आणि त्या शांततेत माझा आवाज आला, स्वच्छ, ठसठशीत, शाळेत शिकवतानाचा.

"ती सा लावते तेव्हा नामपल्ली स्टेशनात गाडी आल्यासारखं वाटतं. पण काय करता, हॉलच्या चाव्या नवऱ्याकडे आहेत! म्हणून तर मधे बसवते. दोन्हीकडून आपण झाकून टाकायचं."

त्यावर दहा बायकांचं हसू. ते हसू त्याने पुन्हा पुन्हा वाजवलं, त्याखाली भोंगा. माझ्या शेजारी मैत्रीण बसली होती. ती हलली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसून राहिली. मग उठली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आता कुणाला मधे बसवायचं ते बघ तू." आणि हॉलला कुलूप लावायला दाराशी जाऊन थांबली. मंडळ त्या दिवशी मोडलं.

मी स्टेजमागे गेले. तो वायरी गुंडाळत होता.

"का केलंस हे? माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन?"

"बाई, अभंग चांगले झाले होते. पण त्या दुपारी अगदी खरं वाजलं ते तेवढंच."

"तिला काय वाटलं असेल, याचा विचार केलास?"

"त्यांना ठाऊक आहे, बाई."

मला वाटलं, उर्मट! बेसूर आहे हे तिला ठाऊक आहे, असं म्हणतोय. मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही. पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नाही. पेपरात त्याच्याविरुद्ध आणखी एक पत्र लिहिलं, तेही दोन्ही बाजू भरून, पण धाडलं नाही. 'उद्याचा स्वर' म्हणणारीच आता 'खून' म्हणतेय, हे लोकांना कळलं असतं. मैत्रीण चिक्कडपल्लीच्या बाजारात समोरून दिसली की मी दुकानात शिरायची. एकदा घाईत सायकलच्या दुकानात शिरले आणि तिथे उगाचच घंट्यांच्या चौकश्या करत उभी राहिले. आणि इतकी वर्षं ज्याला त्याला सांगत आले की त्या माणसाने माझा विश्वासघात केला.

आता नात हट्टाला पेटली. "एकदा ऐक तरी, आजी. तुझा वॉइस किती क्रिस्प आहे!" तिने तिचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले. मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. हॉलमध्ये त्या दिवशी मला माझ्या आवाजापलीकडे काही ऐकू आलंच नव्हतं.

घरघर. टाळ. बांगड्या. मग मी. 'ती सा लावते तेव्हा' या शब्दांच्या मागे, लांबून, सळ्ळ असा आवाज आला: माझ्या स्वयंपाकघराच्या पडद्याच्या पितळी कड्या. त्यानंतरचं माझं सगळं बोलणं संपेपर्यंत मागे काहीच नाही. मग हसू, आणि हसण्यात ट्रे टेकवल्याचा, कपबश्यांचा आवाज. आणि तिचा, अगदी नेहमीसारखा, "साखर कमी कुणाला हवीय?"

"पुन्हा लाव," मी नातीला म्हटलं. चारदा ऐकलं. त्या दुपारी त्याच्या कानांवर असेच हेडफोन होते. म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. तिला तर होतंच. पुढचे चार-पाच महिने ती दर गुरुवारी आली, चहा केला, दाराजवळ बसून हल्लू गायली, माझ्यासाठी हॉल मिळवला. मला एकटीलाच पत्ता नव्हता. आणि मी आपली शिकवणीचं कौतुक सांगत हिंडत होते.

नंबर नातीने शोधून दिला. फोन मैत्रिणीनेच उचलला. आवाज ओळखीचा, थोडा घोगरा.

"मी बोलतेय," मी म्हटलं.

"मेला ना तो? वाचलं मी."

"हौ. अगं, तू पडद्यापाशी होतीस. त्या दिवशी."

"होते की."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? मला चार शिव्या घालायच्या होत्यास!"

"हातात बारा कप होते. आणि नंतर तू अशी खूश, माझं गाणं सुधारलं म्हणून! वाटलं, चालू दे. आपल्या बाराजणींतच राहतंय तोवर ठीक. त्याने सगळ्यांसमोर आणलं, मग माझ्याकडून नाही झालं."

मी म्हटलं, त्याच्या आठवणीच्या कार्यक्रमात मला बोलायला बोलावलंय.

"मग पडद्यापासून सांग. सगळं."

"तू येशील?"

"गुडघे गेलेत माझे." मग म्हणाली, "मधे नको बसवूस. दाराजवळची खुर्ची ठेव. मला वाटलं तर उठून जाता आलं पाहिजे."