सशाला लंघन

"खाना किसने बंद किया?" डॉक्टर मॅडमनी संगणकावरच्या एक्स-रेवरून नजर न हलवता विचारलं.

माझी सोळा वर्षांची मुलगी सई टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. बोट दाखवलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मैंने," मी म्हटलं. "पेट खराब था, तो एक दिन का लंघन करवाया."

"क्या करवाया?"

"लंघन. उपवास."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आंटी, खरगोश का उपवास नहीं होता. ये जीआय स्टॅसिस है."

जीआय स्टॅसिस म्हणजे आतड्यांची हालचाल मंदावणं किंवा थांबणं. माणसाच्या पोटाला विश्रांती मानवते, सशाच्या पोटाला नाही. त्याचं आतडं दिवसभर चालू राहण्यासाठीच बनलेलं असतं. मागून गवत ढकललं गेलं नाही की आतलं अन्न सुकतं आणि गॅस धरतो. गॅसनं दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. त्याला उलटीही करता येत नाही. एक्स-रेत पोटाच्या जागी काळा फुगा दिसत होता, तो गॅस. ब्लॉकेज, म्हणजे वाट अडवणारा गोळा, दिसत नव्हता. तेवढंच चांगलं.

"कल शाम तक पॉटी आनी चाहिए," मॅडम म्हणाल्या. "नहीं आई तो मैं झूठी उम्मीद नहीं दूँगी."

आमच्या सशाचं नाव मुर्रा. रायपुरात मुरमुऱ्यांना मुर्रा म्हणतात. हा तसाच पांढरा, हलका, आणि मुरमुरे दिसले की धावत येणारा. लाडानं आम्ही ते रोज द्यायचो, शिवाय पोळीचा तुकडा. गवत नावापुरतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, तेलीबांध्यातला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तव्यासारखा तापला आणि त्याचं खाणं कमी झालं. लेंड्या आधी हरभऱ्याएवढ्या असायच्या, त्या पपईच्या बीएवढ्या झाल्या. कोपऱ्यात पोक काढून बसायचा, दात करकर वाजवायचा. ते दुखण्याचं लक्षण असतं, हे मला नंतर कळलं.

माझ्या माहेरी, गोंदियाला, पोट बिघडलं की औषधाआधी लंघन. आम्ही पाच भावंडं त्यावरच वाढलो. मी मुर्राची वाटी उचलली, कोथिंबीर उचलली, होतं तेवढं गवतही काढून घेतलं. फक्त पाणी ठेवलं.

"मम्मी, इसको भूखा नहीं रखते. मैंने पढ़ा है," सई म्हणाली. ती माझ्याशी हिंदीतच बोलते, मी मराठीत. आमच्या घरी असंच चालतं.

"मोबाइलले काय समजते? एक दिवस उपाशी राह्यल्यानं कोणी मरून नाही राहिलं."

हे वाक्य मी पूर्ण ठसक्यात म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे कोरा होता आणि मुर्राचे कान गार पडले होते. नवतपात कान गार. मी ताबडतोब फोन लावले. पहिले डॉक्टर म्हणाले, कुत्रा-मांजर बघतो, ससा नाही. दुसरा फोन या मॅडमना लागला.

त्यांनी सबक्युटेनियस फ्लुइड दिलं, म्हणजे सलाइन शिरेत न देता कातडीखाली सोडलं. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. मग सिरिंज फीडिंग शिकवलं. गवताची पूड पाण्यात पातळ कालवायची आणि सुई नसलेल्या सिरिंजनं तोंडाच्या कडेनं घोट घोट द्यायची. घाई केली तर ती फुप्फुसात जाते. दर तीन तासांनी. "घर पर कीजिए. यहाँ कुत्ते भौंकते हैं, ये और डरेगा."

मी ऑफिसमधून रजा घेतली. नवरा रेल्वेत, ड्यूटीवर बिलासपूरला. एसी फक्त एका खोलीत, म्हणून त्या दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही तिघं. बाहेर लूच्या गरम झळा, त्यामुळे खिडकी बंद. दार उघडलं की गारवा जातो, म्हणून तेही बंद. एकदा भरवायला अर्धा तास लागायचा. मग पोट हलक्या हातानं चोळायचं, त्याची हनुवटी पुसायची, सिरिंज धुवायची, औषध द्यायचं, पुढचं कालवायचं. एवढं होईतो पुढची वेळ जवळ आलेली असायची. कुठे जाणार?

सई त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून धरायची आणि मी भरवायची. या कामापुरतं ती बोलायची. "पकड़ा." "छोड़ो." मुर्रा टॉवेलमधून सुटू पाहायचा, ती माझ्यापासून तोंड फिरवून बसायची, आणि मी दोघांच्या मध्ये. बघण्यासारखं एकच होतं, ट्रेमधला कोरा कागद. दर दहा मिनिटांनी मी वाकून बघायची.

दुपारी लाइट गेली. ओले टॉवेल टांगले, बर्फाची बाटली कापडात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन.

"काहून एवढं मनाले लावून घेऊन राहिली? ससाच तर आहे."

"हेच आपल्या पोट्टीले सांगून पाह्य."

त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकदाच बाहेर पडले. मॅडमनी ताजं गवत तोंडासमोर ठेवायला सांगितलं होतं, आणि शहरात हमखास मिळणारं गवत म्हणजे देवळापुढच्या दुर्वा. फुलवालीकडच्या सगळ्या जुड्या मागितल्या.

"अतका दूबी के का करहू दीदी? बड़े पूजा हे का?" एवढ्या दुर्वांचं मी काय करणार, हे तिला कळेना.

"पूजा नहीं. खरगोश बीमार है."

तिनं माझ्या हातातल्या जुड्या परत घेतल्या, टोपलीच्या तळातल्या हिरव्यागार काढून दिल्या. "त ये ताजा वाला ले जा."

मुर्रानं दुर्वा हुंगल्या आणि तोंड फिरवलं. दुपारच्या भरवण्यानंतरही कागद कोरा. मला मॅडमचं वाक्य आठवत होतं आणि सईलाही आठवत असणार. आम्ही दोघीही घड्याळाकडे बघायचं टाळत होतो.

साडेचारला सई म्हणाली, "मम्मी."

तीन लेंड्या. वेड्यावाकड्या, केसानं एकमेकींना जोडलेल्या. मी मॅडमना फोन लावला.

"कितनी?"

"तीन."

"कैसी?"

मी आकार, रंग, ओलावा सगळं सविस्तर सांगितलं. सई हसायला लागली. "मम्मी, फोटो भेज दे ना!" दोन दिवसांनी ती हसली. मी फोटो पाठवला.

मग म्हटलं, "तू सांगितलं होतं. मी नाही ऐकलं."

"हव," ती म्हणाली, म्हणजे हो. तिनं ते नाकारलं नाही, लांबवलंही नाही.

संध्याकाळी मुर्रानं एक काडी स्वतःहून चावली. पूर्ण बरा व्हायला आणखी आठवडा लागला.

तुमच्याकडे ससा असेल तर एवढं लक्षात ठेवा. त्यानं अर्धा दिवस खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर वाट बघू नका. मनानं औषध देऊ नका, आधी ब्लॉकेज नाही ना ते तपासून घ्या. सशाला बघणारा डॉक्टर तो धडधाकट असतानाच शोधून ठेवा. त्याचं मुख्य खाणं गवत. मुरमुरे, पोळी, बिस्किट हे आपले लाड, त्याच्या पोटाचे नाहीत. आणि घरात कुणी लहान माणूस काही वाचून सांगत असेल तर निदान तो काय म्हणतोय ते ऐका. मला हे पन्नाशीला कळलं.

मॅडमकडे मी पेढे घेऊन गेले होते. त्यांनी एक घेतला आणि म्हणाल्या, "इसको मत खिलाना." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मुर्रा आता ठणठणीत आहे. सईच्या पायाशी लोळतो. मला बघितलं की मात्र पलंगाखाली घुसतो. त्याच्या लेखी मी म्हणजे टॉवेल आणि सिरिंज, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मी गवत टाकते, दार लोटते आणि बाहेर थांबते. थोड्या वेळानं आतून चावण्याचा आवाज सुरू होतो. तो ऐकला की कामाला लागते.