म्हशीसाठी एक टोपण

"झोंबलं की समजायचं, लागू पडलं," असं म्हणत मावशी काउंटरवर थाप मारायच्या. शेजारच्या गिऱ्हाइकालाही सोडायच्या नाहीत. "पावणं, कसली गोळी घेतासा?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुकान माझं, पण मालकी त्यांची.

कोल्हापुरात माझं औषधाचं छोटं दुकान आहे. मावशींची एकच म्हैस. संध्याकाळी म्हैस दूधकट्ट्यावर आणून, गिऱ्हाइकासमोर धार काढून त्या दुधाचा ग्लास हातात द्यायच्या. धारेआधी कास धुवायला माझ्याकडून जंतुनाशक न्यायच्या. बादलीभर कोमट पाण्यात एक टोपण. जरा जास्त पडलं की बादली ओतून टाकायच्या. "मुकं जनावर हाय, सड फुटत्यात."

महिनाभराची बाटली आठवड्यात संपू लागली. मी चेष्टेनं म्हणाले, "म्हशीला आंघोळ घालता की काय?" त्या हसल्या नाहीत. दुकान रिकामं होईपर्यंत थांबल्या.

"जांघंत खाज सुटलीया. कापसानं लावतोय."

"पाण्यात मिसळून?"

"न्हाय, तसंच. मला काय हुतंय?"

कातडी सोलवटली होती. धारेला उकिडवं बसवत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या हाताला म्हैस पान्हा सोडत नव्हती. असंच राहिलं तर ती विकावी लागणार होती. "रोज लावतोय, जंतू मेलं असतील न्हवं? मग आग कशाची?" त्यांना खरंच कळत नव्हतं. म्हशीला इतकं जपणारी बाई स्वतःला अशी भाजून घेते, हे मलाही कळेना.

"आग त्या औषधाचीच आहे, मावशी. ते बंद करा. साध्या पाण्यानं धुवा आणि आजच बाईडॉक्टरांना दाखवा."

"बरं. पर पोराला सांगू नगंस." मी शब्द दिला.

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. बऱ्या झाल्या असतील, असं सकाळी वाटायचं. माझ्यावर रागावल्या असतील, असं संध्याकाळी.

पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा आला. म्हैस विकली, आई चंदगडला तिच्या बहिणीकडं गेली, म्हणाला. मग त्यानं तीच बाटली मागितली, मोठी.

"म्हैस तर विकली ना?"

"आईनं मागवलीया. कशाला ते सांगत न्हाय."

"त्यांना डॉक्टरांकडे न्या."

"का? ठणठणीत हाय की ती."

सांगावं तर मावशींची लाज जाते, गप्प बसावं तर मावशी जळतात. "बाटली संपलीय," मी म्हणाले. त्यानं माझ्यामागच्या भरलेल्या फळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला.