काकूंचं आठ

काकू माझ्याशी दर महिन्याला खोटं बोलल्या, आणि मी ते थिसिसमध्ये लिहिलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. नाव लिहीत नाही. त्यांच्या सुनेला विचारूनच ही पोस्ट टाकतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झाशीत माझी पीएचडी चालू आहे. हो, अजूनही. विषय जुनाट दुखणं. नागीण बरी होते, फोड सुकतात, पण काहींची ती नस पुढे वर्षानुवर्षं दुखत राहते. का, आणि कशाने थांबेल, एवढंच शोधतेय.

काकू दतिया गेटजवळ राहायच्या. उजव्या बरगडीवर नागीण होऊन गेलेली. माझ्या पेशंटांत मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच.

कडक इस्त्रीची साडी, मॅचिंग पोलकं. ब्लाउज म्हटलं की रागवायच्या.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगो, तू आपल्यातली? मग इतकी वाळलीस का?"

मी इथल्या बबीना छावणीतली, फौजी बापाची मुलगी. घराबाहेर कुणी मराठी बोललं की मी विरघळतेच.

"काकू, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"

"आठ."

गोळी सुरू करून महिना झाला, तरी आठच. माझा चेहरा पडला असणार. मला लपवता येत नाही.

"हे तुझ्या परीक्षेला चालतं ना गं?"

"चालतं हो," म्हटलं. घाईत होते. नीट समजावलं नाही.

पुढच्या महिन्यात सहा. मग चार. मग तीन.

नस दुखरी असेल तर कापूससुद्धा सोसवत नाही, म्हणून मी बरगडीवरून कापसाचा बोळा फिरवायचे. काकू डोळे मिटून म्हणायच्या, "गुदगुल्या होतात गं."

मी लिहिलं, स्पर्शाने वेदना नाही.

ग्राफ असा झकास उतरला की फक्त पेढे वाटायचे बाकी होते. डोस आहे तोच ठेवला.

मग काकू हार्ट अटॅकने गेल्या. तेराव्याला सून सहज बोलून गेली, "मम्मीजी घर में ब्लाउज़ पहनती ही कहाँ थीं, दीदी. कपड़ा छू जाए तो चीख पड़ती थीं. बस पापाजी की पुरानी धोती लपेटे रहतीं. ब्लाउज़ तो आपके यहाँ आने के दिन."

"मुझे बताया क्यों नहीं?"

"मैंने कहा था, सच बोल दीजिए. बोलीं, लड़की की पढ़ाई बिगड़ जाएगी."

पानातली जिलबी तशीच टाकून मी उठले.

डोस वाढवता आला असता. दुसरं औषधही होतं. गुदगुल्या झाल्या की माणूस हसतं. काकू डोळे मिटून घ्यायच्या आणि मी मान खाली घालून लिहीत बसायचे. फार लाज वाटते.

गाईडना सांगितलं. मग घरच्यांना विचारून सगळ्याच पेशंटांचे आकडे पुन्हा तपासायला घेतले. थिसिस वर्षभर पुढे गेला. थकलेय खूप.

आता आकडा नंतर विचारते. आधी विचारते, "अम्मा, घर में क्या पहनती हो?" आणि सांगते की तुम्हाला दुखलं तर मी नापास होत नाही.

परवा मऊरानीपूरहून आलेल्या एक अम्मा माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो फिर नौ लिख लो, बिटिया."

मी नऊ लिहिलं. डोस वाढवला.

काकू, तुमचं आठ राहून गेलं. माफ करा.

आता पोलकं घालू नका. मोकळ्या राहा.