हारासाठी थांबलेली लस

दुष्काळात पाटोद्याजवळच्या चारा छावणीत माझी जर्शी गाय बांधलेली होती. घरातली चूल तिच्या दुधावर पेटायची. छावणीत गोचीडताप शिरला, शेजारच्या दावणीतली जनावरं गेली. मग दूध संघानं लस मागवली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई धूर सोडणारं थंडगार भांडं घेऊन आल्या. ह्यात औषध कसलं, मी विचारलं. औषध नाही, म्हणाल्या, तापाचाच जंतू, जिवंत. मी हबकलेच. अगं बाई, रोगच टोचणार? त्यांनी समजावलं, की कधीकाळी एका आजारी गाईतून घेतलेला हा जंतू प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवला आणि वाढता वाढता मारायची धमक तेवढी त्याच्या वंशातून गेली. गाईचं अंग त्याला ओळखून ठेवतं, मग खऱ्या तापाला तोंड देतं. फक्त भांड्यातून काढला की लगेच टोचायचा.

आता आमचा शहाणपणा ऐका. संघाचे अध्यक्ष फाट्यावर आलेत, असा फोन आला. सेक्रेटरीनं लगोलग भांड्यातल्या लशीच्या बाटल्या बाहेर काढायला लावल्या, टेबलावर नारळाशेजारी मांडल्या. पहिल्या लशीचा मान माझ्या गाईचा, म्हणून तिच्या गळ्यात झेंडूचा हार. अध्यक्ष फाट्यावर चहाला बसले, तिथून कुणाच्या तरी दुकानाच्या उद्घाटनाला गेले. बाई काही सांगायला गेल्या की सेक्रेटरी "आलेच" म्हणून त्यांना गप्प करायचा. ऊन टेबलावर आलं. दुपारी अध्यक्ष आले, भाषण झालं, फोटो निघाले, मग टोचलं. टाळ्या मीही वाजवल्या.

काही आठवड्यांनी गाय तापली. गळ्याखाली गाठी आल्या, रवंथ थांबला. हिला लस हाय, हिला काय होत न्हाई, असं मी जो येईल त्याला सांगत होते. आणि ती गेली.

बाई आल्या. माझ्याकडं बघेनात.

"ताई, तुमच्या गाईला लस लागलीच नाही. उन्हात त्यातला जंतू मेला होता. आपण नुसतं पाणी टोचलं."

जंतू जिवंत म्हणून मी घाबरले होते, आणि तो मेला म्हणून माझी गाय गेली! रडूसुद्धा येईना मला.

पुढच्या खेपेला पुन्हा टेबल, पुन्हा नारळ. अध्यक्ष निघालेत, थोडं थांबा, सेक्रेटरी म्हणाला. मी त्याच गाईची कालवड ओढत पुढं आणली आणि बाईंसमोर उभी केली.

"टोचा बाई," म्हणाले. "हार वाळला तर वाळू द्या."