अर्ध्या दशमीत हैदराबाद

निपाणीच्या राजमतीआक्का प्रवास मोजायच्या तो जेवणावर. कोल्हापूर म्हणजे एक चहा, पुणं म्हणजे दोन दशम्या. लेक त्रिशला मात्र हैदराबादेत दिलेली. तिकडं बसनं जायचं म्हणजे अख्खी रात्र मोडायची, म्हणून तीन वर्षांत आक्का फिरकल्याच नव्हत्या.

यंदा जावयानं बेळगावहून विमानाचं तिकीट काढलं. दिवस बुडाल्यावर आक्का अन्नाला शिवत नाहीत, म्हणून वाटेतच जेवून घ्यायला दशम्या नि शेंगाचटणी बांधली.

विमान उडालं. छातीतली धडधड थांबायलाच तासभर गेला, मग आक्कांनी डबा उघडला. पहिली दशमी निम्मी होतेय तोच हवाईसुंदरी आली. "आंटीजी, टेबल बंद कीजिए."

"का गं बाई, बिघडलं व्हय इमान?"

"नहीं, हैदराबाद आ गया."

घास हातातच राहिला. "सव्वा तासात? एवढ्यात आमची यष्टी बेळगावलाबी पोचत न्हाय!"

बाहेर त्रिशला धावत आली. "आई, दमलीस गं?"

"कशानं दमू? ये म्हटलं की तुझं फोनवर, 'आई, लई लांऽऽब पडतंय गं!' बाप आजारी हुता, तवाबी लांऽऽब! एवढ्याशा वाटंला तीन वर्सं?"

त्रिशला खाली बघत म्हणाली, "वाट दोन्हीकडनं तेवढीच हाय की. माझं ऑपरेशन झालं, तवा तू तरी कुठं आलतीस?"

आक्का लेकीचा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "परवाचं माझं परतीचं तिकीट रद्द कर. म्हैनाभर ऱ्हाते. मग दोघी मिळून जाऊ, तुझ्या बापाकडं."