“झालं!” म्हटल्यानंतर

चनमल्लप्पा मास्तर “झालं!” म्हणाले की समजावं, अजून काहीच झालेलं नाही. विज्ञानाच्या तासाला प्रयोग संपला की ते “झालं!” म्हणत, आम्ही खुशाल वह्या मिटत असू, आणि तेवढ्यात ते विचारत, “आता काय दिसतंय, सांगा की!” घरी कानडी, शाळेत मराठी आणि राग आला की दोन्ही, असा त्यांचा कारभार.

मूकपटांचे दिवस सरत आले होते. मास्तरांकडे किल्लीवर चालणारा सिनेमाचा छोटा कॅमेरा आला आणि आम्हा मॅट्रिकच्या पोरांनी शाळेवर फिल्म काढायची ठरवली. सुरुवातीचा भाग मी लिहिला. त्यामुळे पहिल्या चित्रात मीच असणार, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती. मामाचा कोट घालून, हातात भूमितीचं पुस्तक धरून मी फाटकाशी उभा राहिलो. मग हेडमास्तर, शिक्षक, शिपाई मानाप्रमाणे येऊन उभे राहिले. नुसते उभे! कॅमेरा दिसला की श्वास रोखायचा, एवढंच आम्हा सोलापूरकरांना तेव्हा ठाऊक. इकडे कॅमेरा घरघरतोय, समोर सगळे पुतळे. शेवटी मास्तर म्हणाले, “झालं!”

मुंबईहून फिल्म धुऊन आली. प्रयोगशाळेच्या टेबलावर मास्तर कात्री घेऊन बसले. फिल्म जोडायच्या द्रवाचा पिकल्या केळ्यांसारखा वास सुटला होता. पहिला तुकडा उजेडात धरून त्यांनी कचकन कापला.

“सर, तो मी!”

“व्हय, ओळखलं की. म्हणूनच काढलं. हालल्याबिगर सिनेमा कसला? फोटोवाल्याकडंच गेला असतास.”

मग कात्री हेडमास्तरांपाशी आली. मास्तरांची नोकरी अजून तात्पुरती होती. कायम करणं हेडमास्तरांच्या हाती. शिवाय त्यांनी बजावलं होतं, “फिल्म माझ्यापासून सुरू होईल. शाळेची शिस्त दिसली पाहिजे.”

“सर, तेवढं राहू द्या,” मी म्हणालो.

“त्यांच्यापासूनच सुरू करतो की!” म्हणत मास्तरांनी ताठ उभे हेडमास्तर कापले आणि त्यांच्या जागी पुढचा तुकडा जोडला. “झालं!” म्हटल्यावर त्यांनी कॅमेरा थांबवलाच नव्हता. त्यात हेडमास्तरांनी मोठा श्वास सोडला होता, पगडी उचलून डोकं खाजवलं होतं आणि शिपायाच्या कसल्याशा बोलण्यावर ते पोट धरून हसले होते. त्यांना तसं हसताना शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. कडेला माझं कोपर होतं. आमच्या घरी मी याला ‘सिनेमातलं काम’ म्हणतो.

स्नेहसंमेलनात भिंतीवर चादर ताणली. हेडमास्तर चादरीवर डोकं खाजवू लागले तसं पटांगण चिडीचूप झालं. खरे हेडमास्तर पहिल्या खुर्चीत ताठ. मास्तर शांतपणे यंत्र फिरवत होते. घाम मलाच फुटला होता. इतक्यात बायकांच्या बाजूने हेडमास्तरांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, “अगं बाई, माझा बाळू हसतोय! पुन्हा दाखवा हो!”

पटांगण खदखदलं. हेडमास्तरांचा हात नकळत पगडीखाली गेला आणि तेही हसले, अगदी चादरीवरच्यासारखे. फिल्म पुन्हा दाखवली. मास्तर कायम झाले. हुकूम हातात देताना हेडमास्तर एवढंच म्हणाले, “आईला ती अजून एकदा बघायची आहे.”

परवा मास्तर गेले. त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो, तर भिंतीवर त्यांचा स्टुडिओतला फोटो: कॉलर ताठ, मान ताठ, श्वास रोखलेला. जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिलेल्या माणसाचा दुसरा फोटोच नव्हता. काकू म्हणाल्या, “हे असे कधीच दिसत न्हवते हो.”

मी हात जोडले. मग काकू आत गेल्याचं पाहून हळूच म्हणालो, “सर, झालं!” आणि जरा वेळ तिथेच बघत उभा राहिलो.