आधी बैलगाड्या

माझ्या कथेची चोरी झाली तेव्हा लोक म्हणाले, सोडून दे, मन मोठं कर. माझं मन मोठं नाही. मी डूख धरला.

कथा एका ग्रहाची होती. त्यावर उतरायला जागा एकच आणि वर यानांची गर्दी घिरट्या घालतेय. त्यांना नंबर देणारी एक बाई. मोठी यानं इंजिनावर चालायची, लहान यानं पंखवाली जनावरं ओढायची. बाईचा नियम एकच: लहान यान कितीही उशिरा येवो, आधी तेच उतरणार. का, ते मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. वही मी धाराशिवला कॉलेजातल्या माझ्या मराठीच्या सरांना वाचायला दिली. भाषा कच्ची आहे, म्हणाले.

दिवाळीत तीच कथा एका अंकात सरांच्या नावानं आली. बाईच्या जागी बाप्या बसवला होता, बाकी कानामात्राही हलवली नव्हती. मी फोन केला, तर म्हणाले, असे विषय काय कुणाच्या मालकीचे असतात का. तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढं त्या कथेवर ढोकीला सरांचा कार्यक्रम ठरला. मी वडलांना घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत बसले. वडलांनी उभा जन्म तिथल्याच साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांना नंबर देण्यात काढलाय.

"सर, लहान यानं आधी का उतरतात?" मी विचारलं.

सर हसले. ते वंचितांचं प्रतीक आहे, म्हणाले, आणि त्यावर बराच वेळ बोलले. टाळ्याही पडल्या.

"मग उतरल्यावर जनावरं मान का झटकतात?"

तेही वाक्य त्यांनी जसंच्या तसं उचललं होतं. तो बंडाचा हुंकार आहे, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा वडील उठले.

"जू निघालं की बैल मान झटकतोय, सर. भरल्या गाडीचं वजन त्याच्या मानंवर असतंय, म्हणून आमी आधी बैलगाड्या घ्यायचो. ट्रॅक्टरचं काय, बंद करून ठिवता येतोय. पोरीनं माझंच काम लिवलंय."

तिथल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी यार्डात गाडी उभी केली होती. आधी मागं कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

चार दिवसांनी भर दुपारी सर आमच्या दारात आले. खुलासा लिहून आणलाय, अंकवाले तुझं नाव छापतील, पण आधी आत तर घे, म्हणाले. ऊन मी म्हणत होतं. मी खिडकीतून त्यांना नीट पाहून घेतलं. मानेवर जू काही दिसलं नाही.

"थांबा सर," मी म्हणाले. "नंबर लागला की बोलावते."

मग चहा ठेवला. दोनच कप, एक माझा, एक वडलांचा.